गेमच्या संगीताचं 'ऑर्केस्ट्रा व्हर्जन' चांगलं आहे की नुसतंच मोठं? कसं ओळखायचं?

यूट्यूबवर 'सुपर मारिओ ऑर्केस्ट्रा' किंवा 'माइनक्राफ्ट ऑर्केस्ट्रा' असं शोधलं, की ढीगभर व्हिडिओ समोर येतात. त्यातले बरेचसे गेम कंपनीने काढलेले नसतात. कुणी विद्यार्थी, कुणी इंजिनिअर, कुणी संगीतशिक्षक आपल्या आवडत्या गेमची धून घेतो, ती व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट, ड्रम अशा वाद्यांत वाटून देतो, घरच्या कॉम्प्युटरवर तयार करतो आणि टाकून देतो. याला चाहत्याने केलेलं ऑर्केस्ट्रा संयोजन म्हणतात. खाली कमेंटमध्ये बहुधा दोनच शेरे असतात: 'अंगावर काटा आला भावा' आणि 'ओरिजिनलच भारी होतं'. दोन्ही मनापासून असतात, पण काम कसं झालंय हे दोन्हींतून कळत नाही.

नांदेड किंवा लातूरमध्ये बसून असं काम करणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. त्याच्या आसपास ऑर्केस्ट्रा नाही, तो वाजवून बघणारे वादक नाहीत. लॅपटॉपमधला ऑर्केस्ट्रा हाच त्याचा एकमेव ऑर्केस्ट्रा. अशा कामाला नीट जोखायचं असेल, तर त्याने काय लिहिलंय आणि ते किती महागड्या आवाजात ऐकू येतंय, या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात.

आधी 'ऑर्केस्ट्रा' शब्दाचा घोळ

मराठवाड्यात 'गावात ऑर्केस्ट्रा आलाय' म्हटलं की गणपतीतला किंवा यात्रेतला गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो: दोन गायक, एक गायिका, निवेदक, कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी. इथे विषय आहे तो पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्राचा. त्यात साधारण ६० ते १०० वादक असतात आणि वाद्यांची चार घराणी असतात. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस ही तंतुवाद्यं. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही लाकडी फुंकवाद्यं. ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा ही पितळी. आणि शेवटी तालवाद्यं.

भारतात असा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. तो २००६ साली मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सुरू झाला. नांदेड-लातूरहून ती रेल्वेची एक अख्खी रात्र आहे. त्यामुळे इथल्या बहुतेकांचा कान सिनेमाने तयार केलाय. त्यात वाईट काहीच नाही. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खराखुरा ऑर्केस्ट्रा बसवून ध्वनिमुद्रण केलं होतं. 'याड लागलं' इअरफोन लावून, शब्द बाजूला ठेवून, फक्त मागची व्हायोलिनं ऐका. माणसांनी एकत्र वाजवलेल्या तंतुवाद्यांचा आवाज कसा फुलतो आणि कसा ओसरतो, हे त्यातून कानात बसतं. पुढे तुलनेला तेच उपयोगी पडतं.

चाल वेगळी, संयोजन वेगळं

मराठी श्रोत्याला हा फरक नवा नाही. गाण्याची चाल संगीतकाराची. ती कोणत्या वाद्यावर येणार, मागे काय वाजणार, कडव्यांच्या मधल्या जागा कशा भरणार, हे संगीत संयोजकाचं काम. हिंदी सिनेमात हे काम वर्षानुवर्षं गोव्याच्या वादकांनी केलं. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वादक एकत्र बसवून स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. 'अमर अकबर अँथनी'तलं अँथनी गोन्साल्विस हे नाव त्यांचंच. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. मराठीत अनिल मोहिले यांचं नाव संयोजक म्हणून आदराने घेतलं जातं. पण श्रोत्यांच्या लक्षात राहते ती चाल. संयोजकाचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावरसुद्धा अनेकदा नसायचं.

संयोजनाचा त्याहून जवळचा नमुना म्हणजे वरातीतली बँड पार्टी. सिनेमातल्या गाण्यात पन्नास वाद्यं असतात. बँडमास्तरकडे क्लॅरिनेट, दोन-तीन ट्रम्पेट, एखादा सॅक्सोफोन, युफोनियम आणि ढोल-ताशा. मग गायिकेची ओळ क्लॅरिनेटला, व्हायोलिनची धावती ओळ ट्रम्पेटला, आणि जे बसत नाही ते सरळ गाळायचं. हे सगळं बहुतेकदा कानाने, कागदाशिवाय. गेमचा चाहता याच्या बरोब्बर उलट करतो. त्याच्या हातात मूळ तीन-चार आवाज असतात आणि समोर सत्तर वाद्यं रिकामी बसलेली. बँडमास्तर काय गाळतो यावर त्याचं कसब कळतं, तसं या चाहत्याने काय भरलं यावर त्याचं.

हे वेड किती जुनं?

'ड्रॅगन क्वेस्ट' या जपानी गेमच्या संगीताची मैफल टोकियोत १९८७ सालीच झाली होती. त्याचे संगीतकार कोइची सुगियामा हे आधीपासून ऑर्केस्ट्राच्याच अंगाने विचार करणारे. जपानबाहेर २००३ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात गेम संगीताची सिंफनी मैफल झाली. चाहत्यांच्या बाजूने १९९९ मध्ये अमेरिकेत 'ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स' हा उपक्रम सुरू झाला. तिथे आलेलं प्रत्येक संयोजन परीक्षकांसमोर जातं. मूळ धून ओळखू यायला हवी आणि तरीही ती निव्वळ नक्कल नसावी, या दोन टोकांमध्ये ते तोललं जातं.

ग्रॅमी पुरस्कारांचा किस्सा तर सांगायलाच हवा. २०११ मध्ये 'सिव्हिलायझेशन ४' या गेममधल्या 'बाबा येतू' या गाण्याला ग्रॅमी मिळाला. गेमच्या संगीताला मिळालेला हा पहिला ग्रॅमी, आणि तो होता संयोजनाच्या विभागात. नंतर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'द एट-बिट बिग बँड'ला 'कर्बी सुपर स्टार' या १९९६ च्या गेममधल्या एका धुनेसाठी ग्रॅमी मिळाला. पुन्हा संयोजनासाठीच. संयोजक होते चार्ली रोझेन आणि जेक सिल्व्हरमन. गेम कंपनीचा त्यात हात नव्हता. हे चाहत्यांचंच काम.

मूळ धून आधी ऐका, तीही नीट

१९९० च्या दशकात टीव्हीला जोडून 'कॅसेट' घालून खेळलेला मारिओ अनेकांना आठवत असेल. कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये त्याचं संगीत केलं, तेव्हा निन्टेन्डोच्या त्या यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा होत्या. मारिओची धून त्यातल्या चारांवर चालते: दोन कर्कश, चौकोनी आवाजांत चाल आणि तिची जोडओळ, तिसऱ्यात खर्जाची ओळ, चौथ्यात खरखरीतून काढलेला ठेका. त्यातही मारिओने उडी मारली की उडीच्या आवाजासाठी एक वाट संगीताकडून काढून घेतली जायची आणि धुनेतला एक थर क्षणभर गायब व्हायचा. खेळताना ते कुणाच्या लक्षात येत नसे.

इतक्या कमी साहित्यात चाल ओढून नेते ती तिची लय. सूर ठोक्यावर न येता ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडतात, त्यामुळे धून चालत नाही, उड्या मारते. संयोजकाची पहिली परीक्षा इथेच असते. चाळीस व्हायोलिनांना ती ओळ लांबट, गोड ओढीने दिली तर सूर तेच राहतात, पण उडी मरते. अशा व्हिडिओवर 'ओरिजिनलच भारी' म्हणणाऱ्याचं बरोबर असतं, फक्त त्याला कारण सांगता येत नाही. तीच ओळ बोटाने छेडलेल्या तारांना किंवा क्लॅरिनेट-बसूनच्या जोडीला दिली की ती पुन्हा उडायला लागते.

दुसरी गोष्ट, तीन-चार आवाजांत स्वरमेळ पूर्ण मांडलेला नसतो, सुचवलेला असतो. खर्जात एक सूर, वर दोन. मधलं श्रोत्याचा कान भरून घेतो. ऑर्केस्ट्रात ते मधलं कुणीतरी प्रत्यक्ष वाजवावं लागतं, म्हणजे संयोजकाला निर्णय घ्यावा लागतो. चांगल्या कामात हा निर्णय धुनेच्या पोटातूनच आल्यासारखा वाटतो. कच्च्या कामात सगळी मधली वाद्यं एकच जाड चादर पांघरून बसतात आणि धून त्याखाली गुदमरते.

मूळ धूनच आधीपासून भव्य असेल तर? नांदेड-लातूरच्या कॉलेजच्या पोरांनी सर्वाधिक वेळा ऐकलेलं गेम संगीत बहुधा पब्जीचं असेल. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर भारतात बंदी आली आणि २ जुलै २०२१ ला तो बीजीएमआय नावाने परत आला. टॉम साल्टा यांची त्याची मुख्य धून मुळातच मोठ्या वाद्यमेळाच्या थाटाची आहे. ती पुन्हा मोठ्या वाद्यमेळासाठी लिहिणं म्हणजे छापील पानाची हाताने प्रत काढणं. तिथे धाडस असतं ते लहान करण्यात. चार तंतुवाद्यांत किंवा एकट्या चेलोवर ती धून तगली, तर संयोजकाने काहीतरी शोधलंय असं म्हणता येईल.

गोल फिरणाऱ्या धुनेला शेवट कुठून येणार?

गेमचं संगीत गोल फिरतं. खेळाडू जोवर त्या टप्प्यात आहे तोवर तेच तेच पुन्हा वाजतं. त्याला शेवट असण्याची गरज नसते. चार मिनिटांच्या संयोजनाला मात्र सुरुवात, चढ आणि शेवट लागतो. इथे चाहत्यांची सर्वांत जास्त पळवाट दिसते: पहिली फेरी हळू, दुसरी फेरी मोठी, तिसऱ्या फेरीत पट्टी एका घराने चढवायची, मोठे ड्रम, मागे 'आ' करणारा कोरस, आणि खणखणीत शेवट. पहिल्यांदा ऐकताना काटा येतोच. पण हाच साचा कोणत्याही धुनेला लावता येतो, आणि साचा कोणत्याही धुनेला लागत असेल तर त्यात त्या धुनेचं असं काही उरत नाही.

गेममध्येच साहित्य दडलेलं असतं. मारिओमध्ये वेळ १०० च्या खाली गेली की संगीत धावायला लागतं. ज्याने तो गेम खेळलाय तो संयोजक शेवटाकडे लय वाढवून श्रोत्याच्या पोटात तीच जुनी धडधड आणू शकतो. हे बाहेरून आणलेलं नाटक नाही, म्हणून ते भिडतं.

हे माणसांना वाजवता येईल का?

कॉम्प्युटर दमत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरवरच्या संयोजनात श्वास विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक. सनईवाला गालात हवा साठवून सूर अखंड ठेवतो, ती आपल्याकडची खास विद्या. ऑर्केस्ट्रातला बासरीवाला किंवा ट्युबावाला साधारणपणे थांबून श्वास घेतो. एखादी पितळी ओळ अर्धा मिनिट न तुटता चालली असेल, तर लिहिणाऱ्याने वादकाचा विचार केलेला नाही.

वाद्याच्या मर्यादाही ऐकू येतात. व्हायोलिनची सर्वांत जाड तार पाश्चात्त्य मिळवणीत 'जी' या सुरावर लावलेली असते. त्याखाली व्हायोलिन जात नाही. बासरीचे खालचे सूर मुळात दुबळे. ट्रॉम्बोन आणि ड्रम गरजत असताना खालच्या पट्टीतली बासरी स्पष्ट ऐकू येत असेल, तर ती मिक्सिंगमध्ये बटण फिरवून वर काढलेली आहे. ध्वनिमुद्रणात ते चालतं, सिनेमात सर्रास होतं. पण 'हे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलंय' असा दावा असेल तर तो तिथे ढिला पडतो.

मात्र आवाजाचा खोटेपणा आणि लिखाणाची चूक यांत गल्लत करू नये. एकच सूर भराभर वाजवताना प्रत्येक वेळी हुबेहूब तोच आवाज येऊन मशीनगनसारखं वाटणं, तंतुवाद्यांचा आवाज ठोक्यामागे रेंगाळणं, कोरसचे शब्द न कळणं, हे सगळं बहुतेकदा स्वस्त किंवा मोफत आवाजांमुळे होतं. म्यूजस्कोअर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीसोबत चांगले वाद्यांचे आवाजही मोफत मिळतात. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राच्या आवाजांची 'डिस्कव्हर' ही छोटी आवृत्तीही फुकट मिळते. त्याच आवाजांची मोठी आवृत्ती हजारो रुपयांची. महागडे आवाज घेतले की एकच बोट दाबूनही सिनेमाचा भास होतो. म्हणूनच उदगीरच्या एखाद्या मुलाने मोफत आवाजांत नीट लिहिलेलं संयोजन पहिल्यांदा फिकं वाटतं आणि पैसे घालून केलेलं पोकळ काम पहिल्यांदा भारी वाटतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर क्रम बदलतो. एक सोपी कसोटी आहे: आवाज अगदी लहान करून ऐका. गडगडाट गेल्यावरही ओळी एकमेकींशी बोलताना ऐकू येत असतील, तर लिखाण पक्कं आहे.

ऐकण्याचं साधनही बघायला हवं. डबल बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला कंप पावते. मोबाइलच्या स्पीकरला तो सूर काढणं जमतच नाही. मोबाइल टेबलावर ठेवून ऐकलं आणि 'खर्ज कमी आहे' असं लिहिलं, तर तो दोष मोबाइलचा. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या होस्टेलवर रात्री अभ्यासानंतर शंभर रुपयांचा इअरफोन लावून ऐकणाऱ्यालाही त्याहून बरंच जास्त ऐकू येतं.

आपल्या सुरांचं काय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम काढला. भारतीय पुराणकथांवर उभा असलेला हा गेम, आणि संगीतकार मात्र ग्रीक, लिनोस त्झेलोस. भारतीय वाद्यं आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ त्यात एकत्र येतात. अशा संगीताचं, किंवा रागाच्या अंगाने जाणाऱ्या कुठल्याही धुनेचं, ऑर्केस्ट्रा संयोजन करताना वेगळाच पेच पडतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड व्हायोलिन, चेलोला सहज जमते, पण कॅसिओच्या पट्ट्यांवरून भरलेल्या आवाजात ती पायऱ्या-पायऱ्यांची होते. आणि रागाच्या चालीखाली पाश्चात्त्य पद्धतीने दर ठोक्याला स्वरमेळ बदलत गेलं, की वर्ज्य सूर मागच्या दाराने आत येतात. वर चालीत नसलेला सूर खाली व्हायोला वाजवत असतो. ऐकणाऱ्याला एवढंच जाणवतं की काहीतरी 'फिल्मी' झालं.

जाणते संयोजक अशा वेळी चेलो आणि डबल बेसवर षड्ज-पंचम धरून ठेवतात, तानपुऱ्यासारखा, आणि बदल आणतात तो रंगात: तीच ओळ आधी ओबोवर, मग व्हायोलिनांवर. संगीत शंकर दरबारच्या मैफली ऐकलेल्या नांदेडकराच्या कानाला हा फरक चटकन कळेल. म्हणून 'आपल्याला वेस्टर्नमधलं काय कळतं' असं म्हणून गप्प बसायचं कारण नाही. या ठिकाणी त्याचाच कान जास्त तयार असतो.

कायद्याचं काय?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगीतकृतीचं संयोजन हे 'रूपांतर' धरलं जातं आणि रूपांतराचा हक्क मूळ हक्कदाराकडे असतो. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हे संरक्षण टिकतं. म्हणजे मारिओ, पब्जी, राजी, सगळंच संरक्षित. व्हिडिओखाली 'फक्त मनोरंजनासाठी, सर्व हक्क मूळ मालकाचे' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. बऱ्याच कंपन्या दुर्लक्ष करतात. काही वेळा यूट्यूबची यंत्रणा दावा लावते आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. गंमत अशी, की याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत संगीत वाजवण्याला सूट दिलेली आहे. वरातीतल्या बँडने मारिओ वाजवला तर अडचण नाही. तेच रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकलं तर ती सूट पुरत नाही.

मूळ संगीतकाराचं नाव मात्र दिलेलं असायलाच हवं. ते नसेल, तर काम कितीही देखणं असो, तेवढा एक गुण कमीच.

कमेंटमध्ये काय लिहावं?

एकट्याने शिकणाऱ्या संयोजकाला बहुतेक वेळा गुरू नसतो. कमेंट हाच त्याचा अभिप्राय. अलीकडे 'हे एआयने केलंय' असा शेरा पुराव्याशिवाय ठोकून दिला जातो. तीन महिने खपून केलेल्या कामावर तो पहिलाच शेरा आला, तर पुढचा व्हिडिओ येत नाही. शंका असेल तर स्वरलिपी मागावी. ज्याने स्वतः लिहिलंय त्याच्याकडे ती असते, आणि दाखवायला तो सहसा एका पायावर तयार असतो.

उपयोगी शेऱ्यात वेळ असते, वाद्य असतं आणि काय झालं ते असतं. '१:४० ला ट्रम्पेट आल्यावर क्लॅरिनेटची ओळ बुडते', 'दुसऱ्या फेरीत चाल चेलोला दिली ते आवडलं, पण खालचा खर्जही तिथेच असल्याने गिचमिड होते', 'शेवट दोनदा झाल्यासारखा वाटतो'. एवढ्या ओळीसाठी संगीताची परीक्षा दिलेली असावी लागत नाही, व्हिडिओ दोनदा ऐकलेला असावा लागतो. आणि पहिल्यांदा अंगावर काटा आला असेल, तर तो कितव्या सेकंदाला आला हेही लिहावं. संयोजक स्वरलिपी उघडून आधी तीच जागा बघतो.